आधी दरवाजा, मग डेक

तळेगावात बनलेली गाडी तळेगावातच सेकंडहँड घेतलीस, याचा मला मनापासून आनंद झाला. शेव्हरोलेची बीट इथल्याच जनरल मोटर्सच्या कारखान्यातून बाहेर पडायची. २०१७च्या अखेरीस कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं आणि २०२०च्या डिसेंबरात कारखानाही थंडावला. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगून ठेवतो : या गाडीची मूळ वायर कुणालाही कापू देऊ नकोस. घाईचा कारागीर असला की तो डेकमागचा कपलर कापतो, वायरींना पीळ मारतो आणि वरून काळी टेप गुंडाळतो. त्याचं काम पटकन उरकतं. उद्या काही शॉर्ट झालं किंवा मूळ डेक परत बसवायचा झाला, तर बंद पडलेल्या मॉडेलचा हार्नेस शोधत तूच फिरणार. मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतो, एका टोकाला गाडीचं सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला नव्या डेकचं. बीटचा मूळ डेक डॅशबोर्डच्या पॅनलमध्येच घडवलेला आहे, त्यामुळे बाहेरचा डबल डिन डेक, म्हणजे १८० बाय १०० मिलिमीटरचा, बसवायला वेगळी फ्रेमही लागेल. कपलर आणि फ्रेम या दोन वस्तू पुण्यात नाना पेठेत विचार, नाहीतर मागवून घे. पण त्या हातात आल्याशिवाय डॅशबोर्ड उघडायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. तू मला मोठमोठ्या स्क्रीनचे फोटो पाठवलेस. स्क्रीन डोळ्यांसमोर असते, म्हणून तिच्यावर पैसे घालावेसे वाटतात. आवाज मात्र दरवाजाच्या पत्र्यात घडतो. हायवेवर ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करताना मी भारी डेक आणि रिकामे खडखडणारे दरवाजे अशा खूप गाड्या पाहिल्या, आणि साधा डेक असून गाणं ऐकत बसावंसं वाटेल अशाही पाहिल्या. तुझ्याकडं जेवढे पैसे असतील त्यातले निम्मे पुढच्या दोन दरवाजांवर घाल : स्पीकर, त्यांच्या रिंगा, डॅम्पिंग. मग अँप आणि चांगली वायर. मग एक लहान वूफर. डेक शेवटी, उरलेल्या पैशात. मागच्या स्पीकरला हात लावू नकोस, आहेत ते हलक्या आवाजात वाजू देत. गाणारा माणूस समोर असावा, पाठीमागून त्यानं कानात ओरडू नये.

डेकच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं लिहिलेलं दिसेल. डेक उलटा करून मागचा फ्यूज बघ. पुष्कळ डेकना तो १० अँपिअरचा असतो. १० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे १४० वॅट झाले. मग २०० वॅट येणार कुठून? गाडीच्या विजेवर डेकमधली चिप ४ ओहमच्या स्पीकरला सलग १५ ते २० वॅटच्या आसपास देते, मग डेक कुठल्याही नावाचा असो. खोक्यावर आरएमएस म्हणून जो आकडा असेल तोच वाच. ‘मॅक्स’, ‘पीक’, ‘पीएमपीओ’ यांच्याकडं बघूसुद्धा नकोस. स्पीकर घेताना आणखी एक आकडा बघ, सेन्सिटिव्हिटीचा. ८९ डेसिबलच्या स्पीकरला जेवढा आवाज काढायला २० वॅट लागतात, तेवढाच आवाज ९२ डेसिबलचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. तीन डेसिबलला ताकद निम्मी लागते, हे लक्षात राहिलं तर अँपवरचे बरेच पैसे वाचतील.

नावाबद्दल म्हणशील तर जेबीएल आणि इन्फिनिटी ही दोन्ही हरमन कंपनीची नावं, आणि हरमनचा कारखाना आपल्या शेजारी चाकणला आहे. म्हणून बाजारातला प्रत्येक जेबीएल खरा ठरत नाही. जीएसटीचं बिल, वॉरंटी आणि खोक्यावरचा व स्पीकरवरचा सीरियल नंबर जुळणं, या तीन गोष्टी जो दुकानदार देईल त्याच्याकडूनच घे. किमतीत फार मोठा फरक सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढं जा.

दरवाजाचं मी जास्त बोलणार आहे, कारण तू राहतोस तळेगावात पण गाडी दिवसभर उभी राहते लोणावळ्यात, उघड्यावर. लोणावळ्याला वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कामशेत ओलांडून इकडं वडगाव, तळेगावकडं आलं की तो झपाट्यानं उतरतो. पुण्यातल्या दुकानात जे चालतं ते लोणावळ्याच्या पार्किंगमध्ये टिकेलच असं नाही.

काचेच्या रबरातून पाणी दरवाजाच्या आत उतरतंच. तो बिघाड नाही, कंपनीनंही ते धरूनच खाली पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात. पण ते पाणी स्पीकरच्या पाठीमागून वाहतं. म्हणून कागदी कोनाचा स्पीकर घेऊ नकोस, पॉलिप्रॉपिलीनचा घे. कागदी कोन गोड वाजतो हे मला मान्य आहे, पण दोन-तीन पावसाळ्यांत त्याची कड फुगते. स्पीकरखालची रिंग दुकानात एमडीएफची देतात, कारण ती कापायला सोपी. एमडीएफ पाणी पितं आणि बिस्किटासारखं भुगा होतं, मग स्क्रू सैल पडून दरवाजा थरथरतो. प्लास्टिकची रिंग माग, नाहीतर मरीन प्लायची करून तिला दोन हात रंग दे. काही जण स्पीकरमागं फोमची वाटी बसवतात. इथं ती नको, ओला फोम महिनाभर वाळत नाही. स्पीकरच्या वरच्या बाजूला प्लास्टिकची वाकवलेली छोटी पट्टी छत्रीसारखी लाव, पाणी बाजूनं ओघळून जाईल.

आता डॅम्पिंग का लागतं ते समजून घे. स्पीकरचा कोन पुढं ढकलतो तेव्हा मागं हवा ओढली जाते. पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतात. दरवाजाच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यांतून मागचा आवाज पुढं येतो आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. सगळ्यात आधी बास जातो. म्हणून ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट घेऊन बाहेरच्या पत्र्याच्या साधारण पाव ते तिसऱ्या भागावर, स्पीकरच्या बरोबर मागं आणि मोठ्या सपाट जागेवर चिकटव. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. मग आतल्या पत्र्याची भोकं शीटनं बंद कर. पत्रा आधी थिनरनं स्वच्छ पुसून कोरडा असला पाहिजे, म्हणजे हे काम मे महिन्यात करायचं, जुलैत नाही. खालची पाणी जायची भोकं चुकूनही बुजवू नकोस, नाहीतर दरवाजा आतून कुजेल. आणि पॅनलमागं जो पातळ प्लास्टिकचा पडदा असतो तो कारागीर फाडून फेकतो. तो फाटला तर नवा कापून, कडेनं ब्युटाइलची दोरी लावून परत बसवून घे. तो नसेल तर पाणी थेट पायाखालच्या कारपेटमध्ये येतं आणि गाडीला कुबट वास सुटतो.

या कामाचा दुसरा फायदा एक्सप्रेसवेवर कळेल. तो रस्ता काँक्रीटचा. १००च्या वेगानं चाकांची जी घरघर सुरू होते ती खालच्या सुरांतली असते, आणि ती पहिल्यांदा बासच गिळते. मग माणूस बासचं बटण वाढवतो, मग आवाज वाढवतो, मग आवाज फाटतो. दरवाजा नीट केला की घरघर काही प्रमाणात कमी होते आणि व्हॉल्यूम आपोआप खाली येतो.

स्पीकर कंपोनंटचा जोड घे : दरवाजात वूफर, आरशामागच्या तिकोनी पट्टीवर ट्विटर, मध्ये दोघांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. ट्विटर पायापाशी ठेवला तर गाणं गुडघ्यातून ऐकू येतं. जोडताना प्लस-मायनस जप. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वूफरच्या टोकांना क्षणभर लाव. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो, उलट असेल तर आत जातो. ट्विटरवर हा प्रयोग करू नकोस. एका बाजूचा स्पीकर उलटा जोडला गेला तर दोन्ही वाजतात, पण बास गायब होतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही. ही चूक पाच मिनिटांत सापडते, पण ती शोधायची असते हेच लोकांना माहीत नसतं.

अँप चार चॅनेलचा पुरे, क्लास डी जातीचा, प्रत्येक चॅनेलला ४ ओहमवर ५० वॅट आरएमएस. दोन चॅनेल पुढच्या दरवाजांना. उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, आठ इंची एका वूफरला. ब्रिज करताना वूफर ४ ओहमचाच हवा. २ ओहमचा लावलास तर अँप तापून बंद पडेल, नाहीतर जळेल. डिकीतली मोठी बेस ट्यूब मी सुचवत नाही. तिचा बास एकाच सुरात घुमत राहतो, आणि तुझी डिकी आधीच लहान. बंद पेटीतला आठ इंची वूफर ढोलकीच्या थापेचा तुकडा तोडून देतो, तेवढंच आपल्याला हवं. अँप सीटखाली बसवणार असशील तर जमिनीला टेकवू नकोस, पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी तिथंच साठतं. खाली पट्टी देऊन दोन बोटं उचलून घे. वूफरच्या पेटीवरही तो ठोकू नकोस, हादऱ्यानं त्याचे आतले जोड सुटतात.

वायरीत काटकसर करायची नाही. वायरिंग किट स्वस्त का असतं ते सांगतो : आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडनं खरवड, आतून पांढरी निघाली की समज. तसली वायर तांब्याच्या साधारण दोन तृतीयांशच वीज वाहते, आणि आपल्या दमट हवेत तिची कापलेली टोकं लवकर खराब होतात. तुझ्या अँपला शुद्ध तांब्याची ८ गेजची, म्हणजे साधारण साडेआठ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. पुढं मोठा अँप घ्यायचा विचार असेल तर आताच ४ गेजची टाकून ठेव. पुण्यात गेलास तर तपकीर गल्लीत वायर, लग्स आणि हीट श्रिंक स्लीव्ह चांगल्या मिळतील.

बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो अँपसाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरीपासून अँपपर्यंत वायर कुठंही पत्र्यावर घासून उघडी पडली तर तोच एकटा तुला आगीपासून वाचवतो. बोनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच काढ. पत्र्याच्या उघड्या भोकातून आणलेली वायर मला गाडीत दिसली तर मी ती उपटून टाकीन. ग्रोमेटला बाहेरून सिलिकॉन लाव, पाणीही तिथूनच शिरतं.

अर्थिंग अर्ध्या मीटरच्या आत, प्लसइतक्याच जाड वायरीचं, आणि पत्र्याचा रंग खरवडून चकचकीत केलेल्या जागी. नट आवळला की वरून रंगाचा हात किंवा ग्रीस दे, नाहीतर एका पावसाळ्यात तिथं गंज येतो. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ कधीच देऊ नकोस. तो बोल्ट माणसाचा जीव धरून ठेवण्यासाठी आहे. प्लसची वायर डाव्या बाजूनं नेली तर डेकचा आवाज अँपकडं नेणारी आरसीएची वायर उजव्या बाजूनं ने. ॲक्सिलरेटर दाबल्यावर स्पीकरमधून शिट्टी चढत गेली तर बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो, नवीन फिल्टर विकत घेण्याआधी तो नट उघडून बघ.

डेकमागच्या रंगांची ओळख ठेव. पिवळी कायम बॅटरीची, तिच्यावर घड्याळ आणि सेटिंग टिकतात. लाल चावीची. काळी अर्थिंगची. निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अँपला जागं करणारी. ही जर कुणी कायमच्या प्लसला जोडली तर अँप रात्रभर जागा राहील आणि सकाळी गाडी ढकलावी लागेल.

आणि नुसती निळी वायर अँटेनाची. हिच्याबद्दल घाटातल्या माणसानं जरा जास्त माहिती ठेवायला हवी. आजकाल पुष्कळ गाड्यांच्या अँटेनात छोटा बूस्टर असतो, त्याला वीज या वायरीतून जाते. बाहेरचा डेक लावल्यावर एफएम खरखरायला लागला तर ती वायर मोकळी राहिली आहे का ते आधी बघ. सगळे लोक डेकला नावं ठेवत बसतात. मात्र खंडाळ्यापासून खाली खोपोलीकडं जाताना गाणं अचानक बदललं, तर त्याला वायर कारण नाही. रेडिओ मिर्ची पुण्यातही ९८.३ वर आणि मुंबईतही ९८.३ वर, रेडिओ सिटी दोन्हीकडं ९१.१ वर. एफएमचा स्वभाव असा की एकाच जागी दोन लहरी आल्या तर ज्या लहरीचा जोर जास्त तीच ऐकू येते, दुसरी दबून जाते. घाटातल्या एका वळणावर डोंगर पुणे झाकतो, पुढच्या वळणावर मुंबई झाकतो. त्यामुळे निवेदक मध्येच बदलतो, परत येतो, परत जातो. बोगद्यात तर दोघंही गप्प. सासुरवाडीला मुंबईला जाताना घाटापुरता पेनड्राइव्ह लाव, आणि तो वरच लाव. वळणावर स्क्रीनशी खेळायचं नाही.

आता गेन. सगळ्यात जास्त स्पीकर या एका स्क्रूमुळे मरतात. गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही. डेकचा आवाज किती उंचीचा येतो ते अँपला सांगण्यासाठी तो असतो. गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून दुकानात तो शेवटपर्यंत पिळून देतात. मग डेक अर्ध्यावर असतानाच अँपची ताकद संपते, सुराची गोलाई वरून कापली जाते, आणि तो फाटलेला आवाज ट्विटरची तार तापवून जाळतो.

तू तो मल्टीमीटरनं लाव. स्पीकरच्या वायरी अँपवरून काढून ठेव. इंजिन चालू. बास, लाउडनेस, इक्वलायझर सगळं सपाट. गेन शून्यावर. पेनड्राइव्हवर ४०० हर्ट्झचा सलग सूर भरून घे. स्वस्त मीटर पुष्कळदा तेवढ्यापर्यंतच खरं सांगतात. डेकचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशावर ठेव, म्हणजे ४० पैकी ३०. मीटर एसी व्होल्टवर लाव. वॅट गुणिले ओहम, आणि त्याचं वर्गमूळ : ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१. गेन हळूहळू फिरव, १४ व्होल्ट दिसले की थांब. तिथं मार्करनं ठिपका दे. वूफरच्या चॅनेलला हेच ५० हर्ट्झच्या सुरावर, अँपच्या पुस्तकात ब्रिज केल्यावरचा जो वॅट दिला असेल त्या हिशेबानं. मग दरवाजांना ८० हर्ट्झच्या खालचं बंद कर, वूफरला ८०च्या वरचं बंद कर. लहान स्पीकरला खोल बासचं ओझं उचलायला लावलं नाही की तो मोकळा गातो. नंतर कुणी मित्र ‘अजून थोडा वाढव’ म्हणाला तर व्हॉल्यूम वाढव, ठिपका सोडू नकोस.

टायगर पॉइंटला किंवा पवनेच्या काठी गाडी बंद करून गाणी लावायची सवय लागेल तुला. लहान पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी असते. भरलेली असताना १२.६ व्होल्ट, अर्धी झाली की १२.२. सिस्टीम सरासरी १० अँपिअर खात असेल तर पावणेदोन तासांत नवी बॅटरीसुद्धा अर्धी होते. तुझी जुनी आहे, तिला तेवढाही धीर नाही. लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घेऊन ठेव, १२.२ दिसलं की गाणं बंद. आणि तिथं दारं उघडी टाकून वाजवू नकोस. रात्री १० ते सकाळी ६ हे नियमानं शांततेचे तास आहेत, २००० सालच्या ध्वनिनियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. भुशीला, लोहगडाच्या पायथ्याला माणसं राहतात, त्यांची गुरं असतात, म्हातारी माणसं असतात. शनिवार-रविवार त्यांनी किती सोसायचं? आपण इथलेच आहोत, आपण तरी नको.

कानाचंही तसंच. ८५ डेसिबलला कान आठ तास टिकतो, मग प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पाव तास उरतो. बंद गाडीत १०० व्हायला तुझा हा अँप पुरेसा आहे. घाटात मागून अँब्युलन्सचा सायरन काचा बंद असतानाही ऐकू आला पाहिजे, तेवढाच आवाज. बाळ मागं असेल तेव्हा त्याहून खाली.

पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास गाडी धुतोस तेव्हा चार गोष्टी बघून घे : बॅटरीजवळचा फ्यूज होल्डर हिरवा पडलाय का, अर्थिंगचा नट सैल झालाय का, दरवाजाखालची भोकं चिखलानं बुजलीत का, आणि पुढचं कारपेट दाबल्यावर ओलं लागतंय का.

या कामासाठी मेमधला एखादा रविवार धर आणि सकाळी लवकर ये, पत्रा तापायच्या आत शीट लावून झाले पाहिजेत. मल्टीमीटर आणि सोल्डरिंग गन माझ्याकडं आहे. दरवाजाच्या पॅनलच्या क्लिपा मात्र येताना दहा-बारा जास्तीच्या आण, काढताना काही तुटतातच.